पाळलेल्या वन्य प्राण्यांची सरकारी नोंद : कोणाची होते व कोणाची होत नाही

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर अंगास सेलू, कारंजा, आर्वी व आष्टी या तालुक्यांतून रानाचा पट्टा पसरलेला आहे. बोर अभयारण्य याच पट्ट्यात १९७० साली स्थापन झाले व २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. दक्षिणेस हिंगणघाट, समुद्रपूर व देवळी या बाजूची काळी जमीन कपाशी, तूर व सोयाबीन यांनी व्यापलेली आहे. रान आणि शेत यांच्यामध्ये कोठेही भिंत नाही. रात्री रोही व रानडुकरे पिकात येतात, पहाटे चितळांचा कळप धुऱ्यावरून निघून जातो, आणि दिवसा निंदण किंवा कापणी करणाऱ्या मजुरांना तुरीच्या ओळीत एखादे निजलेले पाडस आढळते.

अशा वेळी ते पाडस उचलून घरी आणण्याचा मोह साहजिक आहे. गुराखी पोरे पोपटाची पिल्ले झाडाच्या ढोलीतून काढून आणतात. बांधावर सापडलेली मोराची अंडी कोणी खुडूक कोंबडीखाली उबवितात. कोणाच्या विहिरीत कासव सोडलेले असते, तर कोणाच्या अंगणात पिंजऱ्यातला तितर वर्षानुवर्षे ओरडत असतो. यात बहुधा कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. पुढे शेजारी बोलू लागले किंवा वनरक्षक गावात आला की मालक ग्रामपंचायतीत येतो व म्हणतो, "साहेब, या जनावराची सरकारदरबारी नोंद करून द्या, म्हणजे आम्हांस ते ठेवता येईल."

या विनंतीस काय उत्तर द्यावे, हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास नीट ठाऊक असले पाहिजे. चुकीचे उत्तर दिल्यास एखादे गरीब कुटुंब न्यायालयाच्या फेऱ्यांत सापडते, आणि मुके जनावरही प्राणास मुकते. म्हणून नोंदणीचे नियम कोणास लागू आहेत, कोणास नाहीत, आणि ज्यास ते लागू नाहीत त्याने काय करावे, याची माहिती येथे क्रमाने दिली आहे.

वन्य प्राणी कशास म्हणावे

गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी, कुत्रा व मांजर ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली जनावरे आहेत. त्यांचा या नियमांशी संबंध नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याच्या शेवटी प्राण्यांच्या याद्या जोडलेल्या आहेत. त्यांस अनुसूची म्हणतात. पूर्वी या अनुसूची सहा होत्या. २०२२ च्या सुधारणेने त्या चार करण्यात आल्या व ही सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली.

पहिल्या अनुसूचीत अत्यंत कडक संरक्षण दिलेले प्राणी आहेत. वाघ, बिबट, अस्वल, काळवीट, खवल्या मांजर, अजगर, चांदणी कासव आणि आपला राष्ट्रीय पक्षी मोर हे सर्व तीत येतात. दुसऱ्या अनुसूचीत चितळ, रोही, रानडुक्कर, रानससा, पोपट इत्यादी नित्य दृष्टीस पडणारे प्राणी आहेत. तिसरी अनुसूची वनस्पतींची आहे. चौथीत आंतरराष्ट्रीय करारान्वये ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण आहे, अशा प्राण्यांचा व वनस्पतींचा समावेश होतो. हा करार १९७३ साली झाला आणि भारत १९७६ साली त्यात सामील झाला.

येथे एका समजुतीचे निरसन करणे अवश्य आहे. जो प्राणी आपल्या भागात पुष्कळ दिसतो त्यास कायदा लागू नसावा, असे अनेकांस वाटते. पोपट ज्वारीच्या कणसांवर थव्याने उतरतात, रोही पीक तुडवितो. मग एखादा पोपट किंवा रोह्याचे एखादे पिल्लू ठेवले तर बिघडले कोठे? परंतु प्राण्याची संख्या किती हे पाहून कायदा लागू होत नाही. प्राण्याचे नाव अनुसूचीत आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

नोंदणीची पद्धत कशी सुरू झाली

१९७२ पूर्वी शिकार परवान्यावर चालत असे आणि वन्य जनावर बाळगणे हे अनेक ठिकाणी प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. आपला जिल्हा पूर्वीच्या मध्य प्रांतात मोडत असल्यामुळे येथे मालगुजारीची पद्धत होती. मालगुजारांच्या वाड्यांतून भिंतीवर शिंगे व कातडी आणि अंगणात हरिण किंवा मोर असे दृश्य विरळ नव्हते. बाजाराच्या दिवशी दरवेशी अस्वल घेऊन येई व लहान मुले त्याभोवती गोळा होत.

१९७२ चा कायदा आला तेव्हा शासनापुढे प्रश्न उभा राहिला, की ज्यांच्याजवळ असे प्राणी पूर्वीपासून आहेत त्यांचे काय करावे? कालपर्यंत जे वैध होते ते आज एकाएकी गुन्हा ठरविणे न्यायाचे झाले नसते. म्हणून कायद्याच्या ४० व्या कलमात अशी तरतूद करण्यात आली, की कडक संरक्षण दिलेला बंदिस्त प्राणी, किंवा त्याचे कातडे, शिंग इत्यादी वस्तू ज्याच्या ताब्यात असतील त्याने कायदा लागू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे लेखी प्रकट करावे. त्यानंतर अधिकारी येऊन चौकशी करीत, यादी तयार करीत व आवश्यक तेथे ओळखखूण करीत. ताबा कायदेशीर असल्याची खात्री झाल्यावर ४२ व्या कलमान्वये मालकीचे प्रमाणपत्र देण्यात येई.

मुदतीत ज्यांनी नोंद केली नव्हती त्यांच्यासाठी २००३ साली नवे नियम करून पुन्हा एकदा १८० दिवसांची मुदत देण्यात आली. ही मुदत त्याच वर्षी संपली. तेव्हा हे स्पष्ट ध्यानात ठेवावे, की आपल्या देशातील संरक्षित वन्य प्राण्यांची जुनी नोंद करून घेण्याचे दार आज बंद आहे.

हे दार सदैव उघडे का ठेवले नाही, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर सोपे आहे. नोंद केल्याने प्राणी ठेवता येतो असे एकदा ठरले, की रानातून प्राणी धरावा व नोंद करून मोकळे व्हावे, असा प्रघात पडेल. मग नोंदणी ही संरक्षणाची व्यवस्था न राहता शिकारीस पाठीशी घालणारी सोय होईल. बाजारात पोपटाच्या पिल्लास गिऱ्हाईक मिळाले, की ढोली फोडणारा हात पुन्हा रानात जातो, आणि आणलेल्या पिल्लांपैकी कित्येक विक्रीपूर्वीच मरून जातात.

आज नोंद कोणाची होऊ शकते

आजच्या नियमांप्रमाणे पुढील तीन प्रकारच्या व्यक्तींनाच नोंदणीचा विचार करावयाचा आहे.

पहिला प्रकार : ज्यांच्याजवळ पूर्वीचे मालकीचे प्रमाणपत्र आहे असे धारक. त्यांनी प्रमाणपत्र जपून ठेवावे व अधिकाऱ्यांनी मागितल्यास दाखवावे. प्राण्यावरील ओळखखूण पुसू किंवा बदलू नये. प्राण्यास पुरेशी जागा, खाद्य व औषधोपचार मिळतात याची जबाबदारी धारकाचीच असते. प्रमाणपत्र असले तरी प्राणी विकता येत नाही आणि कोणत्याही मोबदल्यात दुसऱ्यास देता येत नाही. पाळीव हत्तीसंबंधाने २०२२ च्या सुधारणेत काही सूट दिली असून त्याच्या हस्तांतराचे व वाहतुकीचे नियम २०२४ साली स्वतंत्रपणे करण्यात आले आहेत. ज्यास प्राणी सांभाळणे यापुढे शक्य नाही, त्यास तो स्वेच्छेने मुख्य वन्यजीव रक्षकांच्या स्वाधीन करता येतो. ही सोय २०२२ च्या सुधारणेने झाली. अशा प्राण्याबद्दल मोबदला मिळत नाही व तो राज्य शासनाची मालमत्ता होतो.

मालकीचे प्रमाणपत्र म्हणजे अनिर्बंध मालकी नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाच्या हत्तिणीचे प्रकरण २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि साऱ्या महाराष्ट्रात गाजले. मठाच्या परंपरेविषयी लोकांच्या भावना तीव्र होत्या. तथापि उच्च न्यायालयाने प्राण्याच्या आरोग्याचा व सुखाने जगण्याचा विचार अधिक महत्त्वाचा मानला. यावरून कायद्याचा कल कोणीकडे आहे हे ध्यानात येते.

दुसरा प्रकार : वारसदार. प्रमाणपत्रधारक मृत्यू पावल्यास त्याचा प्राणी किंवा कातडे, शिंग यांसारखी वस्तू वारसाकडे येऊ शकते. मात्र वारसाने ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे प्रकट केले पाहिजे. प्राणी जिवंत असेल तर त्यास ठेवण्याची योग्य व्यवस्था आहे की नाही याची खात्री करूनच प्रमाणपत्र दिले जाते. जुन्या घरांत आजोबांच्या काळची काळविटाची शिंगे किंवा वाघाचे कातडे असते. वाटणीच्या वेळी भाऊ ते आपसांत वाटून घेतात व कागदाचा विचार कोणीच करीत नाही. अशा घरांनी प्रथम मूळ प्रमाणपत्र शोधावे. मूळ नोंदच नसेल तर वारसा सांगून नवी नोंद मिळत नाही. अशा वेळी वस्तू लपवून न ठेवता वनकार्यालयास लेखी कळविणे, हाच सरळ मार्ग होय.

तिसरा प्रकार : विदेशी प्राणी व पक्षी बाळगणारे. अलीकडे शहरांतून, आणि काही मोठ्या गावांतूनही, राखी आफ्रिकन पोपट, मकाव, काकाकुवा, इग्वाना असे परदेशी जीव हौसेने पाळले जातात. त्यांपैकी जे चौथ्या अनुसूचीत आहेत त्यांची नोंद करणे कायद्याने सक्तीचे आहे. यासंबंधीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वेळी ज्यांच्याजवळ असे जिवंत प्राणी होते त्यांस सहा महिन्यांची मुदत देण्यात आली होती, ती ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. त्यानंतर असा प्राणी ताब्यात आल्यास ३० दिवसांच्या आत नोंदणीसाठी अर्ज केला पाहिजे. अर्ज केंद्र शासनाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. ज्यांस संगणकावर अर्ज भरता येत नाही त्यांना गावच्या सेवा केंद्रातून तो भरून घेता येईल. नोंद झाल्यावरही जबाबदारी संपत नाही. प्राण्यास पिल्ले झाल्यास, तो मरण पावल्यास किंवा दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यास तेही कळवावे लागते. विकत घेताना विक्रेत्याकडून पावती व प्राणी कोठून आला याचा कागद अवश्य घ्यावा. कागद नसलेला प्राणी स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये.

बजरीगर व कॉकाटील हे लहान पिंजऱ्यातील परदेशी पक्षी त्या आंतरराष्ट्रीय यादीत नाहीत. म्हणून त्यांस ही नोंद लागत नाही. त्याचप्रमाणे पांढरा पाळीव ससा निराळा व शेतातला रानससा निराळा. पहिला पाळता येतो, दुसरा पाळता येत नाही.

नोंद कोणाची होत नाही

वर सांगितलेल्या तीन प्रकारांत जे बसत नाहीत, त्यांच्या प्राण्याची नोंद होत नाही. शेतात सापडलेले पाडस, ढोलीतून काढलेला पोपट, कोंबडीखाली उबविलेला मोर, फाशात धरलेला तितर, विहिरीत सोडलेले कासव, पेटाऱ्यात ठेवलेला नाग, यांपैकी कोणासही मालकीचे प्रमाणपत्र मिळू शकत नाही. अर्ज किती सुबक लिहिला, त्यास सरपंचाचा दाखला जोडला किंवा प्राणी किती प्रेमाने वाढविला हे सांगितले, तरी त्याने फरक पडत नाही. ग्रामपंचायतीस असा दाखला देण्याचा अधिकार नाही, आणि दिलेला दाखला न्यायालयात उपयोगी पडत नाही. उलट, त्या कागदाने ताबा मात्र सिद्ध होतो.

कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे बेकायदा धरलेला किंवा पाळलेला वन्य प्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. मृत सापडलेला प्राणीही शासनाचाच. असा प्राणी ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास कळविले पाहिजे व मागणी होताच तो स्वाधीन केला पाहिजे. हे ४८ तास शेतकऱ्याने पाठ करून ठेवावेत. ज्याने वेळेत कळविले त्याने आपले कर्तव्य केले. ज्याने महिनोन्‌महिने ठेवून घेतले त्याला पुढे खुलासा देणे कठीण जाते.

कठीण अशासाठी, की ५७ व्या कलमान्वये प्राणी ताब्यात असल्याचे सिद्ध झाले म्हणजे तो ताबा बेकायदा आहे असे गृहीत धरले जाते, आणि तो कायदेशीर असल्याचे दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. सामान्य अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधी अपराध असेल तर किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थही व्यापक आहे. प्राणी मारणे तर आलेच, परंतु धरणे, फासे लावणे, हाकून कोंडणे आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नासविणे यांचाही त्यात समावेश होतो. मोराची अंडी उचलून आणणारा पोरगा या व्याख्येत येतो, हे त्याच्या बापास ठाऊक असले पाहिजे.

दरवेश्याचे अस्वल व मदाऱ्याचे माकड हेही आता इतिहासजमा झाले आहे. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली १९९८ साली केंद्र शासनाने अस्वल, माकड, वाघ, बिबट व सिंह यांस खेळ शिकविण्यास व त्यांचे प्रदर्शन करण्यास मनाई केली.

पिल्लू सापडल्यास काय करावे

समजा, तूर कापताना चितळाचे पाडस आढळले. ते हलत नाही, ओरडत नाही, आसपास आई दिसत नाही. पाहणाऱ्यास वाटते, की हे पोरके झाले. वास्तविक चितळाची मादी आपले पाडस गवतात किंवा पिकात लपवून स्वतः चरावयास दूर जाते. पाडस निश्चल पडून राहते, कारण तेच त्याचे संरक्षण असते. मादी काही वेळाने परत येऊन त्यास दूध पाजते. आपण ते उचलून नेले म्हणजे पोरके करणारे आपणच ठरतो. अशा वेळी तेवढ्या जागेचे काम दुसऱ्या दिवसावर ठेवावे, माणसे व कुत्री दूर ठेवावीत आणि लांबून लक्ष ठेवावे.

बिबट्याच्या पिल्लांचेही असेच आहे. पुणे व नाशिककडील उसाच्या भागात तोडणीच्या वेळी बिबट्याची पिल्ले अनेकदा सापडतात. तेथे वनखाते ती पिल्ले त्याच जागी संध्याकाळी ठेवते आणि मादी रात्री येऊन त्यांस घेऊन जाते, असा अनुभव अनेक वेळा आला आहे. पिल्ले गावात आणली तर मादी त्यांच्या शोधात वस्तीजवळ फिरू लागते आणि माणसांस धोका उत्पन्न होतो. रानमांजराची पिल्लेही पुष्कळदा बिबट्याची समजून उचलून आणली जातात. ओळख पटो वा न पटो, हात लावू नये हाच नियम दोहोंस लागू आहे.

प्राणी जखमी असेल, विहिरीत पडला असेल, कुत्र्यांनी घेरला असेल किंवा त्याची आई मेलेली दिसत असेल, तर मात्र विलंब न लावता वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांस कळवावे. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे. अधिकारी येईपर्यंत प्राण्यास शांत, सावलीच्या जागी राहू द्यावे. गर्दी करू नये. गाईचे दूध किंवा भाकरी चारू नये, कारण वन्य पिल्लांस त्याने हगवण लागून ती दगावतात. कोणत्याही सस्तन प्राण्याने चावा घेतल्यास पिसाळरोगाची लस घेण्यास टाळाटाळ करू नये.

प्राण्यास पुढे कोठे नेतात, असे लोक विचारतात. वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथील करुणाश्रमात आणि नागपुरास सेमिनरी हिल्सवरील वनखात्याच्या उपचार केंद्रात जखमी प्राण्यांची शुश्रूषा होते. नागपूरजवळ गोरेवाडा येथेही बचाव केंद्र आहे. जो प्राणी बरा होऊन रानात राहण्यास समर्थ असेल तो सोडून देण्यात येतो. उरलेल्यांस केंद्रात ठेवतात.

लळ्याचा दुसरा परिणाम

बाटलीने दूध पाजून वाढविलेले पाडस पहिले वर्ष मुलांबरोबर खेळते. त्यास माणसाचा लळा लागतो आणि माणसाची भीती नाहीशी होते. नर असल्यास पुढे शिंगे फुटतात व मस्तीच्या काळात तो ज्या घरी वाढला त्याच घरच्या माणसावर चाल करून येतो. तेव्हा मालकास वाटते, आता यास रानात सोडावे. परंतु कळपात कसे राहावे, कोणापासून पळावे, काय खावे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. गावचे कुत्रे दिसले तरी ते पळत नाही. असे जनावर घरात निरुपयोगी व रानात असहाय होऊन बसते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. तितर रानात असतो तेव्हा वाळवी व किडे वेचून खातो. धामण व मुंगूस उंदरांचा फडशा पाडतात. पिंजऱ्यात घातलेला तितर कोणाचेही हित करीत नाही.

हेमलकसाचा धडा

वन्य प्राणी दयेपोटी सांभाळण्याचे विदर्भातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथील होय. बाबा आमटे यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९१४ साली झाला. त्यांनी १९७३ साली भामरागडच्या रानात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे व सून डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया गोंडांची सेवा केली. शिकारीत आई मेलेल्या माकडाचे पिल्लू त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी ते मागून घेतले आणि तेव्हापासून लोक पोरकी पिल्ले त्यांच्याकडे आणू लागले. बिबटे, अस्वले, हरणे, मगरी असा परिवार तेथे वाढला.

या कार्यामागील भूतदयेविषयी कोणासच शंका नव्हती. तरीही कायद्याची चौकट त्यांस चुकली नाही. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाल्यावर, प्राण्यांचा असा संग्रह त्याच्या मान्यतेवाचून चालविता येत नाही, हा नियम सर्वांस सारखाच लागू झाला. हेमलकसालाही मान्यतेच्या व पिंजऱ्यांच्या मापांच्या नियमांतून जावे लागले. मग आपल्या अंगणातील एका पाडसाला वेगळा न्याय कसा मिळेल? शिवाय हेमलकसाला जे साधले, त्यामागे डॉक्टरांचे ज्ञान, रोजचे खाद्य आणि सारे आयुष्य होते. ते प्रत्येक घरी असणे शक्य नाही.

ग्रामकार्यकर्त्यांची कर्तव्ये

ग्रामपंचायतीचे कर्मचारी, कृषी खात्याचे गावपातळीवरील कर्मचारी व पोलीस पाटील यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. वन्य प्राणी पाळण्याबाबत कोणताही दाखला, ना-हरकत पत्र किंवा ठराव देऊ नये.

२. कोणी प्राणी आणून दिल्यास तारीख, वेळ, जागा व आणणाऱ्याचे नाव टिपून तत्काळ वनकार्यालयास कळवावे. कळविल्याची लेखी पोच शेतकऱ्यास मिळेल असे पाहावे. ४८ तासांचा हिशेब या पोचेवरूनच लागतो.

३. ज्यांच्याजवळ जुनी प्रमाणपत्रे आहेत त्या कुटुंबांस वारसाची ९० दिवसांची मुदत समजावून सांगावी.

४. विदेशी पक्षी पाळणाऱ्यांस नोंदणीची माहिती द्यावी व अर्ज भरण्यास साहाय्य करावे.

५. कापणीच्या हंगामापूर्वी ग्रामसभेत व शाळेत पिल्लांविषयीचा नियम सांगावा. ढोलीत हात घालणारी व पाडस उचलणारी बहुधा मुलेच असतात.

काही शंका व त्यांचे समाधान

शंका : दहा वर्षांपासून घरात असलेल्या पोपटाचे काय करावे?
समाधान : त्याची नोंद होणार नाही. त्यास एकदम उडवूनही देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यास उडण्याचे बळ नसते व मांजर किंवा कावळे त्यास मारतात. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांस स्वतः कळवून तो स्वाधीन करावा. कायद्याने माफीची हमी दिलेली नाही. परंतु स्वतःहून येणाऱ्याची बाजू, धाड पडल्यावर खुलासा देणाऱ्यापेक्षा केव्हाही अधिक भक्कम असते.

शंका : रानात गळून पडलेली मोरपिसे घरात ठेवावीत काय?
समाधान : मोराच्या शेपटीच्या पिसांस कायद्यात सूट आहे. मात्र पिसांसाठी मोर मारणे किंवा पिसे उपटणे हा गंभीर अपराध आहे.

शंका : रोही व रानडुकरे पीक खातात, तर त्यांची पिल्ले धरण्यास हरकत का असावी?
समाधान : पिकाच्या नुकसानीबद्दल शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते व त्यासाठी वनखात्याकडे वेळेत अर्ज करावा लागतो. पिल्लू धरल्याने नुकसान भरून निघत नाही, उलट अर्जदारच आरोपी होतो.

शंका : नोंद झालेला प्राणी मेल्यास काय करावे?
समाधान : वनकार्यालयास ताबडतोब कळवावे. कातडे, नखे, दात वा शिंगे काढून ठेवू नयेत.

सारांश असा, की सरकारी नोंद ही ज्यांच्याजवळ कायदेशीर कागद आहेत त्यांच्यासाठी व विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी आहे. रानातून आणलेल्या जिवास नोंद नाही. तुरीच्या ओळीत पाडस दिसले तर विळा खाली ठेवून चार पावले मागे सरावे आणि शेजारच्या मजुरासही मागे सारावे. सांज झाल्यावर त्याची आई येईल. आली नाही, तर वनरक्षकास निरोप पाठवावा. शेतकऱ्याने एवढे केले, की त्याच्या घरावर संकट येणार नाही आणि पाडसही आपल्या कळपात परत जाईल.